टाकीचा हात

बनाबाईने टाकी पुन्हा नको त्या बाजूला कलती धरली आणि हातोडीचा घाव घातला. दगडावर भलत्याच दिशेला पांढरा ओरखडा उठला.

"अगं, डावीकडं न्हाई, उजवीकडं," तिचा नवरा चिमाजी म्हणाला. "मधल्या भोकापासनं कडंला येताना रेघ उजवीकडं कलली पायजे. न्हाईतर पीठ आतच कोंडतं आन् करपतं. किती डाव सांगितलं?"

"सांगितलं व्हतं व्हय?"

चिमाजीने कपाळाला हात लावला. विंझरला त्याची पिठाची गिरणी होती, आणि गिरणीचा जीव इंजिनात नसून दगडात असतो हे त्याचे ठाम मत होते. दळून दळून दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकीने नव्या रेघा पाडाव्या लागतात. त्या बिघडल्या तर पीठ भरड पडते आणि बाया डोक्यावरची पाटी घेऊन दुसऱ्या गावची वाट धरतात.

तीन वर्षांपूर्वी, ऐन बत्तिशीत, भाताचे पोते उचलताना त्याच्या छातीत कळ आली. लोक म्हणाले, वायगोळा असेल. ओवा झाला, हिंग झाला, देवाचा अंगारा झाला. शेवटी ट्रकात घालून पुण्याला नेले, तर तिथल्या डॉक्टरांनी छातीला तारा जोडून कागदावर रेघ काढली आणि हार्ट अटॅक म्हणून सांगितले. "ह्या वयात?" असे साऱ्या गावाने विचारले, जणू म्हाताऱ्यांच्या वाट्याचे काहीतरी चिमाजीने परस्पर उचलले होते.

तेव्हापासून विडी सुटली आणि ओझे सुटले. इंजिनाचे हँडल बनाबाई मारू लागली. सुरुवातीला ती पदर खोचून उभी राहिली की पोरे हसायची; पुढे त्यांनाही सवय झाली. पट्टा चढवणे, डिझेल भरणे, गिऱ्हाईक सांभाळणे, बाईने सगळे चटाचटा उचलले. अडले ते एवढ्या टाकीपाशी. आणि टाकी येत नसेल तर गिरणी टिकायची नाही, हे चिमाजीला दिसत होते. आपण गेलो की ही पोरीला घेऊन दिराच्या घरात जाणार. भाऊ वाईट नव्हता. पण चिमाजीची आत्या विधवा होऊन अशीच भावाच्या घरी आली होती आणि दुसरी भाकरी मागून घ्यायला तिला अख्ख्या आयुष्यात जमले नव्हते. ती आठवण झाली की त्याला जेवण गोड लागत नसे.

"म्या काय जलमाला पुरणार हाय का?" तो म्हणाला. "शिकून घे की."

बनाबाईने पुढचा घाव आणखीच वाकडा घातला.

दुसऱ्या दिवशी तो तपासणीसाठी पुण्याला गेला. डॉक्टरांनी कागदावरची रेघ निरखून पाहिली आणि मान हलवली.

"छान चाललंय. रोज चालताय ना?"

"व्हय. पर सायेब, अजून किती वर्सं धरून चालू म्या?"

"ते मला माझंसुद्धा सांगता येणार नाही," डॉक्टर हसले. "पण तुम्ही तरुण आहात, पहिली अवघड वर्षं सांभाळलीत. असंच वागलात तर पुष्कळ जगाल. मुलीच्या लग्नाला मला जेवायला बोलवा."

पोरगी अजून बिगरीत होती. डॉक्टर धीर देतायत, चिमाजीने मनात म्हटले. धीर देण्याचाच पगार असतो त्यांना.

येताना चेलाडीच्या फाट्यावर ओळखीचा ट्रक मिळाला आणि तो एसटीच्या कितीतरी आधी विंझरला उतरला. गिरणी बंद होती, पण आतून टाकीचा आवाज येत होता. टक टक, टक टक, न अडखळता. कुणीतरी पट्टीचा कारागीर बसला होता. बनाबाईने हार मानून भोरहून माणूस बोलावला असावा, असे त्याला वाटले. तो मागच्या खिडकीपाशी गेला.

दगडापाशी बनाबाई बसली होती. समोर दळण घेऊन आलेली शेजारची भामाबाई पाय पसरून बसली होती. टाकी उजवीकडे कलती होती आणि भोकापासून कडेपर्यंत एकेक रेघ सरळ उतरत होती.

"तुझ्या मालकापेक्षा तुझा हात चांगला हाय, बने," भामाबाई म्हणाली. "आन् ते तिकडं सांगत फिरत्यात, आजारपणानंतर माजी टाकी लई दिवस टिकती."

चिमाजीचे कान तापले. तो खरेच तसे सांगत फिरत होता; चहाच्या दुकानात तर दोनदा. त्याच्या प्रत्येक पुणेवारीला दगडांना कुणाची टाकी लागत होती, ते आता त्याला कळले.

"सांगू देत," बनाबाई हसून म्हणाली.

"पर येतंय म्हणून त्यान्ला सांगत का न्हाईस?"

हातोडी थांबली. "सांगितलं तर ते मोकळं व्हतील गं. आता बघ, मला येत न्हाई म्हणून चिडत्यात, वरडत्यात, उद्या परत दावतो म्हणत्यात. उद्याचं बोलत्यात. त्यांचा जीव ह्यात गुतलाय, तर गुतलेला बरा."

टाकी पुन्हा चालू झाली. चिमाजीने खिडकीच्या चौकटीवर हात टेकला. डोळे भरून आले होते, आणि छातीत काही होत नव्हते. खरोखरच काही होत नव्हते.

तो आल्या पावली ओढ्याकडे वळला. पाण्यात पाय सोडून बसला, पारावर बसलेल्या रखमाजीशी भाताच्या वाणांवर उगाच वाद घातला, आणि एसटीची वेळ होऊन गेल्यावर मोठ्याने खोकत गिरणीत शिरला. दगड जागेवर चढलेला होता. बनाबाई सूप झटकत होती.

"काय म्हणालं डाक्टर?"

"बरं हाय म्हणालं." त्याने तिच्या भुवयांवर बसलेली दगडाची भुकटी पाहिली. "तोंड धू. पीठ लागलंय."

तिने घाईने पदराने तोंड पुसले.

तो चौथऱ्यावर टेकला आणि खूप दिवसांनी पाय लांब केले. "अगं, म्या येताना इचार केला," तो म्हणाला. "तुजा हात लई जड हाय. तुला टाकी शिकवायची म्हंजी पंधरा-ईस वर्सं तरी जात्याल."

बनाबाईने सूप खाली ठेवले. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग खाली बघून म्हणाली,

"जाऊ द्या की. मला कुटं घाई हाय?"