ज्याची त्याची भाजी

नणंदेला जुळं झालं त्या वर्षी, सणाच्या सकाळी, सुनेने भाजीची पिशवी ओट्यावर रिकामी केली आणि पुन्हा आत हात घालून कोपरे चाचपले. सासऱ्यांचे बटाटे होते. नणंदेची गाजरं, सुनेचा स्वतःचा लाल भोपळा, सासूबाईंचं बीट, सगळं होतं. फरसबी नव्हती.

या घरात सणाच्या जेवणाला ज्याची त्याची भाजी व्हायची. चिरणं-परतणं कुणीही करो, बाजारातून निवडून आणायच्या त्या सासूबाईंनीच. फरसबी तिच्या नवऱ्याची.

"आई, फरसबी राहिली वाटतं."

सासूबाई बीट सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"राहिली नाही गं. टोपलीसमोर कितीतरी वेळ उभी होते. हातच पुढे होईना."

सुनेला मागचा एक सण आठवला. दिराचे वाटाणे असेच आले नव्हते. "आई, मला वाळीत टाकलंस की काय?" म्हणून तो केवढा हसला होता. पुढचा सण त्याने पाहिला नाही. त्याच्याही आधी आत्याबाईंचा कोबी. ते तिने नुसतं ऐकलं होतं, तेही दबक्या आवाजात.

तिने पायात चपला अडकवल्या आणि पळत सुटली. कोपऱ्यावरचा भाजीवाला दुकानाच्या फळ्या लावत होता.

"तळाची उरलीय, वहिनी. जून आहे."

"असू दे. द्या."

घरी येऊन तिने शिरा काढल्या, शेंगा मोडल्या, लोण्यात टाकल्या. घाईत थोड्या करपल्या.

"मी आणलेली चालेल ना हो, आई?" तिने कढई पुढे केली.

सासूबाईंनी एक तुकडा उचलून चावून पाहिला. बराच वेळ चावत राहिल्या.

"मीठ घाल," एवढंच म्हणाल्या.

सगळे जेवायला बसले. नवऱ्याने पहिला घास घेतला.

"ही सुतळी कुणी परतली?"

"तुझ्या बायकोने. गुपचूप खा," सासरे म्हणाले. "मी इतकी वर्षं काय काय गिळलं, बोललो का कधी?"

हशा पिकला. सूनही हसली, आणि हसता हसता तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. बटाटे, गाजरं, भोपळा, फरसबी. ती उठून आत गेली.

सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. बीटचं भांडं त्यांनी केराच्या बादलीत उपडं केलं होतं. अजून वाफ येत होती.

"आई, हे काय केलंत?"

"एवढं सगळं कुठे मावतंय टेबलावर," त्या म्हणाल्या. "जा, त्याला अजून वाढ. एकही शेंग ठेवू नको म्हणावं."

नवऱ्याने कुरकुरत सगळी संपवली.

सासूबाई पुढच्या सणाच्या अलीकडे, थंडी पडू लागली तेव्हा, एका बुधवारी पहाटे वारल्या.