बोटाची टोपी

धुवायच्या वाटीतून तिने तिसरी टोपी उचलली आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. तिच्यावरही तोच फिकट लाल डाग. मांजरीचे दात घासताना बोटात घालायला बाबांनी जुन्या मलमलीच्या या टोप्या शिवल्या होत्या. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. मुलीच्या बोटाचं टेपने माप घेतलं, मगच कापडाला कात्री लावली.

"बाबा, संध्याकाळी ठमीच्या हिरड्यांतून रक्त येतं का?"

सकाळी दात घासायचं काम तिचं, संध्याकाळी बाबांचं; ते त्याच टोप्या करंगळीत घालत. रोज सकाळी 'आ कर बघू, शहाणी ना माझी' असं आर्जव केल्याशिवाय ठमीचं तोंड उघडत नसे.

"आलं असेल थोडं," बाबा मशीनवर वाकून सुईत दोरा ओवत होते. "माझा हात जड पडला असेल."

"सलग तीन दिवस?"

दोरा निसटला. त्यांनी तो पुन्हा ओठांत धरला.

ठमी चौदा वर्षांची. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मागेच बजावलं होतं, दात जपा. काढायची वेळ आली तर भूल द्यावी लागेल, आणि या वयात ती हिला सोसेलच असं नाही. ठमी आईची लाडकी. आई गेल्यावर बाबांना बोलतं ठेवलं ते या मांजरीनेच. हिचं काही बरंवाईट झालं तर बाबांकडे बघवणार नव्हतं. तिने कामावर रजा कळवली आणि ठमीला दवाखान्यात न्यायची टोपली काढली.

"नेलंच पाहिजे का?" बाबा चपला घालता घालता म्हणाले. "उगाच मुक्या जीवाला ताप."

"नेलंच पाहिजे."

दवाखान्यात बाबा बसले, उठले, भिंतीवरचा वजनाचा तक्ता वाचून आले, पुन्हा बसले. दोनदा "अगं" म्हणाले आणि मग दोन्ही वेळा "काही नाही." त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. टोपलीतून ठमी साऱ्या जगाला शिव्या घालत होती.

डॉक्टरीणबाईंनी ठमीचा ओठ वर करून बॅटरीच्या उजेडात सगळं तोंड तपासलं.

"रक्त कुठलं? दात लखलखीत आहेत हिचे. माझ्या घरात इतके नीट कुणी घासत नाही!"

मुलीचा जीव भांड्यात पडला. बाबांनीही सुस्कारा सोडला, पण का कोण जाणे, त्यांचा चेहरा काही उजळला नाही.

घरी येऊन ती टोप्या धुवायला बसली. साबण नीट लागावा म्हणून एकेक बोटात चढवून चोळायची तिची सवय. बाकीच्या टोप्या बोटावर घट्ट बसल्या. डाग पडलेली मात्र गरकन फिरली आणि बादलीत पडली. दुसरीही सैल, तिसरीही. बाबा मापात कधी चुकत नसत. या तीन त्यांनी स्वतःच्या बोटाच्या मापाने शिवल्या होत्या.

तिला एकेक गोष्ट आठवत गेली. आठवडाभर चहात बुडवून खाल्लेला पाव, लवंगेचा वास, एकाच बाजूने चाललेलं चावणं. आधी तिला रागच आला. मग स्वतःचीच लाज वाटली. मांजरीच्या तोंडात ती रोज डोकावत होती, आणि समोर बसून जेवणाऱ्या माणसाकडे तिचं लक्ष नव्हतं.

बाहेर बाबा ठमीला मांडीवर घेऊन बसले होते. मुलीच्या बोटावरची सैल टोपी आणि दुसऱ्या हातातली बॅटरी त्यांना दिसली. दात घासायच्या वेळी ठमी बघायची, तसं त्यांनी एकदा दाराकडे बघितलं.

"किती दिवस झाले?"

"ब्रश लागतो गं फार, म्हणून टोपीने घासतो." ते ठमीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "तुझी धावपळ आधीच काय कमी आहे? आणि त्या दातांच्या खुर्चीची भीती वाटते मला."

ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. एक हात त्यांच्या मानेमागे ठेवला.

"आ कर बघू," ती म्हणाली. "शहाणा ना माझा."

बाबांनी ठमीला घट्ट धरलं, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.