डिझेलमधली हवा

संध्याकाळी तासभर गुणी बाळासारखा चालणारा ट्रक सकाळी पाचव्या मिनिटाला मान टाकतो, हे मी तीन आठवडे सहन करत होते. एखाद्या माणसाने असं केलं असतं तर घराबाहेर काढलं असतं.

ट्रक बाबांचा. तीस वर्षं त्यांनी लोकांचे ट्रक चालवले आणि शेवटी हा एक स्वतःचा घेतला. दोन वर्षांपूर्वी डोळे अधू झाले, तसे बाबा आमच्याकडे राहायला आले आणि ट्रकही आला. किल्ली मी ठेवून घेतली. मग मागे जोडायला एक जुना ट्रेलर घेतला. त्यात चौघांना झोपायच्या फळ्या, पाण्याची टाकी आणि दोन बर्नरची शेगडी. सुट्टीत सगळ्यांनी मिळून भटकायचं, हे खूळ माझं. त्यामुळे ऑइल माझ्याकडे, ग्रीस माझ्याकडे, ट्रेलरचे न पेटणारे दिवे माझ्याकडे आणि शिव्याही माझ्याकडेच.

मागच्या दोन्ही सहली आम्ही रस्त्याच्या कडेला साजऱ्या केल्या. लेकीने तर उघड्या बॉनेटचे फोटो 'आमचं प्रेक्षणीय स्थळ' म्हणून मैत्रिणींना पाठवले. या वेळी नवऱ्याने शांतपणे सांगितलं, "शनिवारी सकाळी नीट निघाला तर ठीक. नाहीतर सोमवारी ट्रक आणि ट्रेलर दोन्ही विकायचे." तो ओरडला असता तर मीही ओरडले असते. शांत बोलला म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं असणार.

रोग साधा होता. डिझेलच्या नळीत कुठून तरी हवा शिरत होती. हवा शिरली की इंजिनाला डिझेल पोचत नाही आणि ते बंद पडतं. पण शिरते कुठून? फिल्टर बदलला. वॉशर बदलले. टाकीपासून पंपापर्यंत नवी नळी ओढली, तेव्हा बोटांची सालटी निघाली. रोज कामावरून आले की फिल्टरवरचा छोटा स्क्रू सोडायचा, हातपंप मारून हवा काढायची, स्क्रू आवळायचा. गाडी सुरू. सकाळी पुन्हा तेच रडगाणं. गॅरेजवाल्याने हात टेकले. "ताई, या गाडीला दृष्ट लागलीय," म्हणाला आणि चहा प्यायला निघून गेला. बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, "माझ्या हातात होती तेव्हा एकदा खोकली नाही ती." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शनिवारी पहाटे पाचलाच उठले. निघायचं सातला. ट्रेलरमध्ये शिरून कपाटाची सैल कडी बसवत होते, तेवढ्यात बॉनेट उघडल्याचा आवाज आला. छोट्या खिडकीतून पाहिलं तर बाबा. बाबा रोज पहाटे फिरायला जातात, अशी आमची समजूत होती. ते पाना घेऊन वाकले होते. हाताने चाचपत त्यांनी फिल्टरवरचा तोच स्क्रू सोडला, पंप मारला, तोंडाने मोजत. मग स्क्रू आवळायला घेतला. दोन्ही हात लावले. जोर पुरत नव्हता. थोडा फिरला, मग फिरेना. त्यांनी फडक्याने सगळं पुसलं आणि बॉनेटवर थाप मारली.

काखेत कळसा आणि मी गावभर वळसा घालत होते! संध्याकाळी तो स्क्रू मी स्वतःच सोडत होते, त्यामुळे तो ढिला असेल ही शंका मला शिवलीच नाही. तीन आठवडे! मी तरातरा बाहेर आले. आता चांगलं सुनावायचं, म्हणून तोंड उघडलं.

"उठलीस?" बाबा म्हणाले. "हवा काढून ठेवलीय. तीस वर्षं रोज सकाळी काढत आलोय, म्हणून कधी अडलो नाही. तुम्ही लोक आळशी."

इतक्यात नवरा बॅगा घेऊन आला. "काय झालं? सापडलं का काही?"

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं.

"सापडलं," मी म्हणाले. "हवेचा स्क्रू. मीच नीट आवळत नव्हते."

"एका स्क्रूसाठी तीन आठवडे?" नवऱ्याने कपाळावर हात मारला आणि बॅगा ठेवायला ट्रेलरकडे गेला.

आणि बाबा सुरू झाले. "किती वेळा शिकवलं तुला! घट्ट वाटला तरी शेवटचा पाव फेरा द्यायचा. घाई, दुसरं काय! ये इकडे, दाखवतो." मी दात आवळून उभी राहिले. चोर मलाच चोरी कशी पकडायची ते शिकवत होता. त्यांनी पुन्हा दोन्ही हातांनी पाना दाबला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "असा. आता हलव बघू."

मी पाना हातात घेतला. नुसता धरून 'घट्ट आहे' म्हणायचं होतं मला. पण तीन आठवडे भोगलेला हात, तो थांबतोय कुठला? स्क्रू फिरला. चांगला अर्धा फेरा फिरला.

बाबांनी तिथे बोट लावून पाहिलं. बोटाला डिझेल लागलं. ते बराच वेळ चोळत राहिले.

"म्हणजे तू नव्हतीस," ते म्हणाले.

"मीच होते," मी जवळजवळ ओरडलेच. "मीच म्हटलं ना!"

"बरं," बाबा म्हणाले आणि हात न पुसता गाडीत जाऊन बसले.

सातला निघालो. चढ आले, ऊन तापलं, मागे ट्रेलर होता, पण इंजिन एकदाही अडलं नाही. नवरा दोनदा म्हणाला की आता विकायला नको. लेकीने फोटो काढला नाही. दुपारी मी उगाचच गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि हाक मारली, "बाबा, जरा बघता का?"

"चांगली चाललीय," ते आतूनच म्हणाले. "कशाला हात लावायचा?"

मी बॉनेट आपटलं. गाडी बंद पडली म्हणून आजवर खूप रडले होते, पण इतकं कधीच रडले नव्हते.