लिफ्टवाल्याचं उदाहरण

चर्चमधल्या उपदेशात सख्ख्या भावाला ओढलं, तेव्हाच पाळकाला आत कुठेतरी टोचलं होतं. पण समोरची मंडळी हसली, आणि लोक हसू लागले की टोचणीला कोण विचारतो?

विषय होता, देव जग घडवून निघून गेला का. "माझा दादा तसंच म्हणतो," पाळक म्हणाला. "देवानं यंत्र चालू केलं नि हात झटकले, म्हणे. पण हाच दादा जन्मभर लिफ्ट बसवत आला, आणि बसवून कायमचा गेला असं कधी झालं नाही. दर महिन्याला जायचा, दोर तपासायचा, तेल घालायचा. एका लिफ्टसाठी माणूस परत येतो. मग ज्याला आपण बाप म्हणतो, तो लेकरांना वाऱ्यावर सोडेल? तो तर देह धरून आपल्यात राहायला आला." मुद्दा बिनतोड होता. हशा पिकला, बाहेर पडताना लोकांनी हात हातात घेऊन शाबासकी दिली.

घरी जेवायला बसला तर दादाच आठवू लागला. दादाचं घर दोन गल्ल्या पलीकडे. वहिनी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून वर्ष होत आलं होतं. आईच्या मागे याला तिनेच वाढवलेलं. सुरुवातीला याने तिच्या उशाशी प्रार्थना केली, बरी होशील म्हणून छातीठोकपणे सांगितलं. ती बरी झाली नाही. मग दादा काय विचारेल या धास्तीने याने तिकडचा रस्ताच सोडला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

संध्याकाळी तो गेला. दादा वहिनीच्या पायांना तेल चोळत होता.

"ये. ऐकलं तुझं उदाहरण. हिच्यासाठी मोबाइलवर लावतो दर रविवारी, तेव्हा मलाही ऐकावं लागतं."

"दादा, सगळ्यांसमोर मी तुला..."

"ते राहू दे. मुद्दा चोख होता. बसवणारा परत येतो, खरंय." दादाने बाटलीला झाकण लावलं. "तू किती महिन्यांनी येतोयस?"

वहिनी वाकड्या ओठांनी त्याच्याकडे बघून हसू पाहत होती, ते पाळकाला बघवत नव्हतं.

"मी आलो नाही, ते माझं पाप," तो शेवटी म्हणाला. "त्यावरून देव येत नाही असं नको समजूस."

"मग येतो हे कशावरून समजू?" दादाच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता.

पाळकाने बाह्या दुमडल्या. "हिची कूस बदलायचीय ना?"

"डावा हात आधी उचल. दुखतो तिचा."

दोघांनी मिळून तिला वळवलं. वहिनीच्या पाठीवर पडून राहिल्याची एकही जखम नव्हती. वर्षभर हे दादाने एकट्याने केलं होतं. देव या घरी रोज येत होता, न मानणाऱ्याच्याच हातांनी. उपदेशात हे फार छान सांगता आलं असतं. पाळकाला स्वतःची लाज वाटली आणि त्याने वहिनीच्या पाठीशी उशी लावली.

"उद्याही येतो," निघताना तो म्हणाला.

"बघू," दादा म्हणाला. "एका खेपेवर मी कुठल्याच लिफ्टला पास केलेलं नाही."