उपकारस्तुतीचा भोपळा

आमच्या देवळाली प्रवरा गावच्या ख्रिस्ती मंडळीत उपकारस्तुतीच्या सणाची एक रीत आहे. सुगीचे पहिले पीक वेदीपुढे ठेवायचे, उपासना संपली की चर्चच्या आवारात त्याचा लिलाव करायचा आणि बोली जिंकणाऱ्याने ती वस्तू मानाच्या पाहुण्याच्या हाती द्यायची. लागलेली बोली मोडायची नाही. ज्या वस्तूला बोली लागत नाही, ती प्रीतिभोजनाच्या पातेल्यात जाते. वयाने सर्वांत वडील म्हणून या रीतीवर शेवटचा शब्द माझा असतो, आणि तो मी आजवर कोणालाही ओलांडू दिलेला नाही.

यंदा मानाची पाहुणी माझीच लेक होती. आराधना दिल्लीला संरक्षण मंत्रालयात फार वरच्या पदावर आहे. सैन्याने कोणती वस्तू परदेशातून आणायची नाही, ती देशात कोण करू शकेल, हे धोरण तिच्या टेबलावर ठरते. एवढे मी चार जणांना अभिमानाने सांगत असे. पण त्याचा अर्थ मला उमगला तो सणाच्या सकाळी. आम्ही ओसरीवर चहा घेत होतो. नगरच्या बाजूला रणगाड्यांचा सराव चालतो, तिकडून तोफेचा गडगडाट आला आणि तावदाने थरथरली. लहानपणी या आवाजाला ही पोर माझ्या पदरात डोके खुपसत असे. आज तिने कपबशी खाली ठेवली आणि हलकेच म्हणाली, "आई, हा आवाज आला की मला आधी रणगाड्यात बसलेली पोरं आठवतात."

जन्मभर कानांवर पडलेल्या त्या गडगडाटाशी माझ्या लेकीची सही जोडलेली आहे, या जाणिवेने बसल्या जागी माझ्या अंगावर काटा आला.

लिलावात माझ्या परसातला भोपळा निघाला. लिलाव पुकारणाऱ्या सॅम्युएलने तो डोक्यावर धरून आरोळी ठोकली, "बोला, बोला! लई थोर घरचा भोपळा हाय!"

बोली चढवली ती कानिफनाथ औटीने. हा माझा जुना विद्यार्थी. सुप्याला त्याचा कारखाना आहे. मीच त्याला आग्रहाने बोलावले होते. आकडा असा चढला की बाकीचे गप्प झाले.

"आरं, भोपळा हाय का रणगाडा!" सॅम्युएल ओरडला. "चर्चचं गळकं छप्पर ह्या एका भोपळ्यात झालं म्हना की!"

टाळ्यांच्या गजरात कानिफने भोपळा आराधनापुढे धरला. तिने हात जोडले. पुढे केले नाहीत.

"औटीसाहेब, तुमच्या कारखान्याचा माल आमच्याकडे चाचणीला आहे ना?"

"हो मॅडम. रणगाड्याच्या पट्ट्याच्या कड्या. पण हा तर आमच्या बाईंचा मान. त्याचा याच्याशी काय संबंध?"

"तुमच्या मनात काही नाही, हे मला दिसतंय. पण कडी तुटली तर रणगाडा शत्रूसमोर जागीच अडकतो. त्या कडीच्या आणि माझ्या मधे मला काहीही नको. भोपळासुद्धा."

सॅम्युएल चुळबुळला. "मॅडम, बोली मोडत न्हाई. बाईस्नी इचारा."

सारे आवार माझ्याकडे वळले. आराधना माझ्या खुर्चीपाशी येऊन वाकली. "आई, रीत तुझी आहे. मोड असं मी म्हणणार नाही. पण हा भोपळा घेतला, तर दिल्लीच्या त्या खुर्चीत बसायला मला तोंड राहणार नाही."

काठी टेकून मी उभी राहिले.

"सॅम्युएल, बोली रद्द. भोपळा पातेल्यात."

"आवं बाई, आन् छप्पर?"

"गळू दे. पावसात भिजून कोणी मेलेले नाही."

कानिफचा चेहरा लाल झाला होता. मग तो खो खो हसला. "शाळेतही बाई माझी पाटी अश्शीच पुसायच्या!"

"आणि औटीसाहेब," आराधना म्हणाली, "आजचा प्रसंग मी दिल्लीला लेखी कळवणार. तुमच्या कड्यांचा निर्णय आता दुसरं कोणी घेईल."

"म्हणजे ओळख निघाली आणि वशिला गेला!"

"कड्या चांगल्या असतील तर काय बिघडलं?"

"चांगल्या आहेत," तो छाती काढून म्हणाला. "तोडून दाखवा म्हणावं!"

पंगत बसली. मंडळीत वडीलकीचे आसन माझे; पाळकसाहेबांसाठीही मी ते कधी सोडले नव्हते. त्या दिवशी मी आराधनाला हाताला धरून त्यावर बसवू लागले. तिने मलाच खांद्याला धरून खाली बसवले, पदर खोचला आणि भोपळ्याच्या भाजीचे पातेले उचलून वाढायला निघाली.

ती कानिफच्या ताटापाशी पोहोचली तेव्हा तोफ धडाडली. छपराचे पत्रे झणझणले. सॅम्युएल दचकला, मुले कान झाकून हसली. आराधना पळीभर भाजी तशीच हातात धरून थांबली. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ प्रार्थनेत हलत होते. मी तिच्याकडे पाहत राहिले. माझ्याही नकळत माझे हात जोडले गेले होते.

मग तिने डोळे उघडले आणि कानिफच्या ताटात भाजी वाढली.