उलटा चढलेला आकडा

२००३ साली बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी करुणानं गोरेगावच्या गुरांच्या दवाखान्यातून, कृत्रिम रेतनासाठी ठेवलेला द्रव नायट्रोजन थर्मासभर मागून आणला. जुन्या रेडिओतला कार्बनचा रेझिस्टर मीटरला जोडून त्यात बुडवला. गारठल्यावर तांब्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरतो; ह्याचा चढला.

परीक्षक म्हणाले, "उलटं आलंय. मागच्या वर्षीच्या जर्नलातले तांब्याचे आकडे उतरव. सगळे तेच करतात."

करुणाचं डोकं फिरलं. "तांब्याचे आकडे याला काहून लावू, सर? याच्या आतली मांडणीच विस्कटलेली हाय. इलेक्ट्रॉन अडकतात, वरून एकमेकांना रेटतात. गारठ्यात उडी मारून पुढं जायचं बळ राहत न्हाई."

"नापास करीन."

तिनं थर्मास त्यांच्यापुढं सरकवला. "करा. पण आधी तुमच्या हातानं रेझिस्टर बुडवून बघा, अन् आकडा चढला तर मीटरला बी नापास करा."