सुरूआडची पाठ

येणारं-जाणारं म्हणत्यात, "शालूवैनी, परड्यातली सुरूची झाडं लय देखणी हैत वो! बारा म्हैनं हिरवीगार." देखणी म्हणं! माझ्या जिवावर वाढल्यात ती. आजवर कुणाला सांगितलं न्हाई मी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

आमचं मालक पलटणीत हुतं. एकाहत्तरच्या लढाईत गेलं. तार आली, मागनं ट्रंक आली, माणूस काय आला न्हाई. एक फोटू हाय, टोपी घातल्याला, ताठ. खोटं कशाला बोलू, त्यातलं तोंड मला परक्याचं वाटतं. आमच्यात बाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बगायची रीत कुठं हुती? घर माणसांनी भरल्यालं, पदर डोळ्यापातुर. अन बाहीर पडलं की ह्ये म्होरं, मी चार पावलं मागं. रानात जाताना तसं, जत्रंला जाताना तसं, माझ्या माहेरी पलूसला जातानाबी तसंच. समद्या संसारात मी ह्यांची पाठच बगितली. डावा खांदा उजव्याहून जरा खाली, मानंखाली उलीसा खळगा. शेवटचं यष्टीत चढलं तवाबी पाठच दिसली. आईबापाम्होरं बायकूकडं वळून बगायची लाज वाटायची त्यास्नी.

मालक गेल्यावर वाटणी झाली. थोरल्या दिराचं दार वरल्या गल्लीला गेलं, माझं खालच्या. मागचं परडं दोघांत निम्मं-निम्मं, पर मधी ना कूड ना भिंत. एक दिस सकाळी मी शेणी थापत हुते. सहज मान वर केली. आडाजवळच्या दगडावर ह्ये बसलं हुतं! पाठमोरं, अंगावर पाणी घेत. त्योच खांदा, त्योच खळगा. मग त्यांनी तोंड फिरवलं अन ते दीर हुतं. मी पदर वढला.

त्या दिसापास्नं मी शेणी थापायला तीच येळ धरली. दिराशी मला काय करायचं हुतं? देवाशप्पत सांगते, त्यांच्या तोंडाकडं मी कवा बगितलं न्हाई. पाठ फिरली की बगायची, तोंड फिरलं की मान खाली. चार तांबं पाणी अंगावर पडस्तोवर माझा दादला मला परत मिळायचा. तेवढ्यावर माझा दिस निघायचा.

पर थोरल्या जावंचं, हरणाबाईचं, डोळं घारीचं. एक दिस आडापास्नंच वरडली, "शेणी थापतीस का माझ्या नवऱ्याला न्याहाळतीस गं?"

काय सांगणार? 'तुमच्या नवऱ्याची पाठ माझ्या नवऱ्याची हाय' म्हणू? गावानं तोंडात शेण घातलं असतं. मान खाली घालून शेणी थापत ऱ्हायले.

आठवड्याभरात तिचा भाऊ इस्लामपूरहून गाडीत घालून सुरूची रोपं घिऊन आला. हद्दीवर हात-हात अंतरानं लावली. "वाऱ्याला आडुसा हुईल," असं तिनं गावाला सांगितलं. वाऱ्याला न्हवं, बाई, माझ्या डोळ्यास्नी आडुसा!

त्या साली पावसानं दगा दिला. बहात्तरचा दुस्काळ कोण इसरंल? आडाच्या तळाला गाळ दिसाय लागला, रोपं पिवळी पडली. मनात म्हटलं, देवानं ऐकलं माझं. तवर जाऊबाई चार बायकांदेखत हद्दीवर आली अन म्हणाली, "एकबी रोप वाळलं तर गावाला कळंल, कुणाच्या डोळ्यात खुपतंय ते."

झालं! वाळलं तर मी पापीण. मग भांडी खंगाळल्यालं पाणी, माझ्या अंघुळीचं पाणी, समदं कळशीत धरून मी त्या रोपांच्या बुडात वतायची. रडत वतायची. गाव म्हणायचं, जावा-जावांत बगा कशी मया हाय.

अन जगली ती रांडची! पयल्यांदी आडाजवळचा दगड झाडांआड गेला. मग कंबर गेली. मग त्यो मानंखालचा खळगा. एक दिस टाचा वर करून उभी ऱ्हायले, तर नुसता टाळूवर वतल्याला तांब्या दिसला. म्होरल्या पावसाळ्यात त्योबी गेला. पाण्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. मी शेणी थापायची, ऐकायची.

अशी ईस वरसं गेली. औंदा जाऊबाईच्या थोरल्या लेकीचं, बनाचं, लगीन निघालं. मांडवाच्या मेढीला म्हणून सुरूतली मधली दोन झाडं तोडली. दुसऱ्या दिशी सकाळी बगते तर फट! हातातलं शेण तसंच धरून बगितलं. दगडावर कोण म्हातारा बसला हुता. पाठीत बाक आल्याला, दोन्ही खांदं सारखंच खाली पडल्यालं, मानंवर पांढरी लव. म्हटलं, लग्नाला आल्यालं कोण पावणं असत्याल. त्यांनी तोंड फिरवलं. दीर!

दुस्काळात खडी फोडून, मागनं उसाच्या मोळ्या वाहून पार वाकलं हुतं बिचारं. गल्लीत कवा समोर आलं तर माझा पदर अन माझी मान खाली, मला काय दिसणार? रोज बगितलं असतं तर रोज उलीसं-उलीसं दिसलं असतं. माझा मालकबी माझ्या डोळ्यादेखत म्हातारा झाला असता. तेवढं तरी सुख मिळालं असतं गं मला!

जाऊबाई सूप घिऊन फटीत आली. "बग आता पोटभर," म्हणाली. "ह्या थेरड्याला कोण न्हेतंय?" अन हसली. पोरीच्या लग्नाच्या आनंदात हुती, मनात कायबी इख ऱ्हायलं न्हवतं तिच्या. मी चुलीम्होरं जाऊन बसले अन तार आली तवाबी रडले नसंन अशी रडले.

मांडव उतरल्यावर माणूस धाडून इस्लामपूरहून सुरूची दोन रोपं आणवली. माझ्या हातानं खड्डं काढलं, फटीत लावली. माझं मालक अजून तरणं हैत. त्या दगडावर त्यास्नी म्हातारं झाल्यालं मला बगायचं न्हाई.

जाऊबाई बगत हुती. म्हणाली, "शाणी झालीस गं आता."

"व्हय," म्हटलं, अन पाण्याला कळशी घिऊन आले.